मज्जातंतूंच्या वेदना आणि नैराश्यावरील औषधे

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, ही जुन्या मधुमेही रुग्णाची तक्रार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे बहुधा निष्प्रभ ठरतात. कारण सूज हे मूळ नसून मज्जातंतूच बिघडलेला असतो. मग आपण अमिट्रिप्टिलीन लिहून देतो. ही गोळी नैराश्यावरची आहे असे रुग्णाला औषधाच्या दुकानात कळते आणि ‘डॉक्टरांनी मला मनोरुग्ण ठरविले’ या खेदाने तो ती दोन दिवसांत टाकून देतो.

वस्तुतः वेदनाशमन हा या औषधाचा स्वतंत्र गुण होय. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या मॅक्स व सहकाऱ्यांच्या अमेरिकन अभ्यासात, मधुमेहजन्य वेदना नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही रुग्णांत कमी झाल्या. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे काही मार्ग वेदनेच्या संदेशांना आवर घालतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व सिरोटोनिन यांचे पुनर्शोषण रोखून ही औषधे त्या मार्गांना बळ देतात. त्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा वाटा मोठा असावा, कारण केवळ सिरोटोनिनवर काम करणाऱ्या फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांचा येथे फारसा उपयोग दिसत नाही. मात्राही वेगळी. आरंभ रात्री १० मिलिग्रॅमने करावा आणि हळूहळू वाढवीत जावे. बहुतेकांना ७५ च्या आतच पुरते.

मात्र अपेक्षा माफक ठेवावी. २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, या गटातील औषध सुमारे चार रुग्णांना दिले असता, निव्वळ औषधामुळे वेदना निम्म्याने कमी होणारा त्यांत एकच असतो. ड्युलोक्सेटिनच्या गटात हे प्रमाण सुमारे सहांत एक. २०२२ सालच्या ब्रिटिश चाचणीत अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन व प्रीगाबालिन या तिन्हींपैकी कशानेही आरंभ केला आणि गरजेनुसार दुसऱ्याची जोड दिली, तरी वेदनेची सरासरी दहापैकी ६.६ वरून ३.३ वर आली. तेव्हा निवड परिणामावरून नव्हे, तर रुग्णाला काय सोसेल यावरून करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाढलेली प्रोस्टेट, काचबिंदू अथवा हृदयाच्या ठोक्यांचे विकार असलेल्या वृद्धास अमिट्रिप्टिलीन देणे धोक्याचे. ट्रॅमाडॉल आधीच चालू असेल, तर या दोन्ही गटांबाबत विशेष सावध राहावे.

चिठ्ठी देतानाच रुग्णास दोन वाक्ये सांगावीत: ही गोळी तुमच्या नसांसाठी आहे, मनासाठी नव्हे, आणि गुण येण्यास दोन-तीन आठवडे लागतील, तोवर तोंड कोरडे पडेल व सकाळी थोडी गुंगी राहील.