बांध फुटला तो पाण्याने की रागाने?



नफा-तोट्याचा हिशेब नीट समजावून सांगितला की माणूस शहाण्यासारखा वागतो, अशी आम्हा शेतकी खात्यातल्या लोकांची समजूत. मी बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो तेव्हा हाच भरवसा बरोबर घेऊन गावोगाव हिंडत होतो. तो भरवसा डळमळला शिवारातच, पण का डळमळला हे मला कळले खारीतल्या एका ओटीवर.

खारी हे भाईंदर पूर्वेचे गाव. आज तिथे चहूकडे इमारती आहेत आणि २००२ पासून तो सारा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. पण या पट्ट्याला वसईच्या खाडीचा शेजार. मिठागरे आणि खार जमिनीतले भात ही इथली जुनी ओळख. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो: खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा मोठा बांध घालतात, त्याला बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवलेली असते. बांधाची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची. एकाने हात आखडला की उधाणाच्या भरतीला तिथेच खांड पडते, आणि पाणी काही सात-बारा पाहून आत शिरत नाही. एकदा खारे पाणी शेतात बसले की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत धड पीक येत नाही.

ओटीवरचे काका सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या तरुणपणची गोष्ट. त्यांचा वाटा आणि थोरल्या चुलतभावाचा वाटा लागून होता. काकांच्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. साऱ्या गावाला आवताण गेले, पण दादाच्या घरी जायचे राहिले. घरातला प्रत्येक जण समजला की दुसरा कोणीतरी जाऊन आला असेल. दादा लग्नाला आला नाही. त्या वर्षी बांधाला माती घालायची वेळ आली तेव्हा बांधावरही आला नाही. श्रावणातल्या अमावास्येला नेमकी त्याच्याच वाट्याला खांड पडली. दोघांचेही भात गेले.

मी म्हटले, "अहो काका, पण दादांचेही शेत बुडालेच की!"

"बुडनार हे त्याला ठाव नव्हतं काय, साहेब? माज्यापेक्षा बांधाची अक्कल त्याला जास्त व्हती."

या उत्तरावर मी बराच वेळ गप्प राहिलो. दादाला हिशेब येत होता, बांध कळत होता. मात्र त्या साली त्याच्या मनात भाताच्या खंडीपेक्षा न आलेले आवताण जड झाले होते. त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे, पण त्याने त्याचे वागणे उलगडत नाही. 'अपमान' हा शब्द घातला की सगळे उलगडते.

म्हणून कोणी म्हणेल, भावना बाजूला काढल्या की विचार चोख होईल. तेही खरे नाही. अमेरिकेत काम करणारे मेंदूतज्ज्ञ आंतोनिओ दमासिओ यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आपल्या एका रुग्णाची हकिगत दिली आहे. मेंदूतली गाठ काढताना त्याच्या कपाळामागच्या भागाला इजा झाली होती. बुद्धीच्या चाचण्यांत तो उत्तम उतरे, पण राग, भीती, आनंद जणू आटून गेले होते. हा माणूस व्यवहारात अगदी निकामी ठरला. काय आधी करावे, काय मागे ठेवावे, काहीच ठरेना. नोकरी गेली, संसार मोडला. कशाचेच काही वाटेनासे झाले, तर अमुक गोष्ट तमुकपेक्षा बरी हे ठरवायचे तरी कशाच्या जोरावर?

काळजीचेही असेच. २०१३ साली तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तोडणीच्या आधी, हात तंग असताना, त्यांना कोडी सोडवायला दिली. तोडणी होऊन पैसे हाती आल्यावर पुन्हा दिली. माणसे तीच, पण तंगीतले गुण कमी. काळजी डोक्यातली जागा अडवते, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. जमिनीचा किंवा कर्जाचा मोठा व्यवहार तंगीच्या महिन्यात एका बैठकीत उरकू नका, असे मी सांगतो ते यासाठी. घरातल्या बाईमाणसाला विचारा, एक रात्र जाऊ द्या.

आता माझी चूक सांगतो. खारपट्टीतल्या एका सभेत पनवेलच्या संशोधन केंद्राचे खारवट जमिनीत तग धरणारे भाताचे वाण मी सुचवत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शंका काढली. मी चारचौघांत त्यांचे म्हणणे खोडून काढले, आणि आकडे माझेच बरोबर होते. ते पुन्हा सभेला आले नाहीत, आणि त्यांच्या वाडीतले कोणीही ते बियाणे नेले नाही. फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला जास्त लागते, असे कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडले होते. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हाताऱ्याची शंका त्या भीतीतून आलेली होती. मी भीतीवर आणखी लाज चढवली! पुढे मी आधी विचारू लागलो, "गेल्या साली काय झालं, बाबा?" आणि सगळ्या शेतात नाही, दोन गुंठ्यांत लावून बघा म्हणू लागलो. दोन गुंठ्यांची भीती झेपते.

खारीच्या काकांना मी निघताना विचारले, "मग ती खांड बुजली कशी?"

ते म्हणाले, दोन साल पाणी तसेच येत-जात राहिले. मग आईने त्यांच्या हातात नारळ दिला आणि दादाच्या दारात नेऊन उभे केले. वहिनीने नारळ घेतला. दादा एक शब्द बोलला नाही, पाठ फिरवून आत गेला. काका रात्रभर जागेच. पहाटे फावडे घेऊन बांधावर गेले, तर दादा त्यांच्या आधीच कमरेएवढ्या चिखलात उभा होता आणि म्हणाला, "उशीर केलास. वहोटी लागली कवाची."