एका नावाचे दोन धनी

इन्फ्लुएन्झावरील संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे, हे पाहण्यासाठी आम्ही शोधनिबंधांची वर्षवार मोजणी करतो. ‘पबमेड’ ही अमेरिकेतील सूची त्यासाठी विनामूल्य खुली आहे. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या ज्या शाळेत इंटरनेट आहे, तेथील विद्यार्थ्यांनाही हे जमेल.

मात्र यात एक खोच आहे. शब्दाची सर्व रूपे मिळावीत म्हणून ‘इन्फ्लुएन्झा’पुढे चांदणीचे चिन्ह दिले, की ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’वरचे निबंधही ढिगाने येतात. हा विषाणू नव्हे, जीवाणू! १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी फ्लूचे कारण म्हणून तो पुढे केला. १९१८ च्या साथीतही अनेक डॉक्टरांचा तोच समज होता. माणसातील फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये लंडनला वेगळा करण्यात आला. जीवाणूचे नाव तसेच राहिले. बाळांच्या पेंटाव्हॅलंट लसीतील ‘हिब’ तो हाच. त्याला वगळल्याशिवाय आलेख काढू नये.

उलटही घडते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत कोंबड्या दगावल्या, त्या ‘एच५एन१’ने. अशा घटनेवरचा निबंध नुसत्या ‘बर्ड फ्लू’ नावाने लिहिला, तर तो निसटू शकतो. म्हणून ही नावेही शोधात घालावी लागतात.

शिवाय सगळ्याच विषयांचे निबंध वाढत आहेत. तेव्हा त्या वर्षीच्या एकूण निबंधांशी गुणोत्तर काढावे. तरीही २००९ च्या स्वाइन फ्लूनंतरची चढण लपत नाही. ती संशोधकांच्या आणि अनुदान देणाऱ्यांच्या लक्षाची चढण. नेहमीच्या हंगामी फ्लूने जगात दर वर्षी अंदाजे २,९०,००० ते ६,५०,००० माणसे मरतात. त्यांच्यासाठी आलेखात असा सुळका उठत नाही.