घरातला अ‍ॅडमिन कोण?

ऑफिसच्या लॅपटॉपवर साधा प्रिंटर जोडायचा, तरी आयटीवाल्याच्या मागे फिरावं लागतं. घरी मात्र आपणच राजे! हवं ते डाउनलोड, हवं ते इन्स्टॉल. पण मंडळी, माझं मत विचाराल तर या बाबतीत तो आयटीवालाच शहाणा.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत सेटअपच्या वेळी केलेलं प्रत्येक अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायचं. मेलमधून आलेली एखादी भानगड उघडली, की तिच्याही हाती घरभरच्या किल्ल्या! २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि स्क्रीन काळवंडून ‘परवानगी द्यायची का?’ असं विचारू लागलं. लोक वैतागले आणि न वाचताच ‘हो’ म्हणू लागले. विंडोज ११ मध्येही पहिलं अकाउंट अ‍ॅडमिनचंच असतं. मॅकवरही तेच.

उपाय दहा मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स. तिथे नवं अकाउंट काढा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या. त्यातून लॉग-इन करून आपलं रोजचं अकाउंट ‘स्टँडर्ड युजर’ करून टाका. फोटो, फाइल्स जागच्या जागी राहतात. पुढे सिस्टीमला हात लावणारं काहीही टाकताना नुसतं ‘हो’ चालत नाही, पासवर्ड लागतो. तो टाइप करेपर्यंत डोकं जागं होतं. अर्थात, तुमच्या स्वतःच्या फाइल्स यानेही पूर्ण सुरक्षित होत नाहीत. बॅकअप हवाच.

आमच्याकडे हे केलं तेव्हा बाबा उखडले. ‘पैसे माझे आणि परवानगी तुझी घ्यायची?’ मुद्दा बिनतोड होता. त्यांच्या पेन्शनचे सगळे कागद त्याच मशीनवर आहेत. म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांनीच ठरवला. आता काही इन्स्टॉल करायचं असलं की मीच त्यांना हाक मारते आणि ‘हे कशाला हवंय?’ याचं उत्तरही देते. खरं सांगू? निम्म्या वेळा उत्तर सापडत नाही.

पासवर्ड कसा असावा? कॅपिटल, आकडा, चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल, हा सल्ला अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या संस्थेसाठी लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. आता भर लांबीवर आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, झालं.

आणि हो, तो कागदावर लिहून पाकिटात घाला. डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर तिची ४८ आकडी रिकव्हरी कीसुद्धा. ऑफिसच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी वेगळी, घरच्या कपाटात विम्याच्या कागदांशेजारी ठेवलेलं पाकीट वेगळं. उद्या तुमची बदली झाली किंवा तुम्ही आजारी पडलात, तर घरच्यांना त्यांचेच फोटो उघडता यायला हवेत ना?

मग, या वीकएण्डला करताय ना दुसरं अकाउंट?