मद्यार्काची पायरी

इन्सुलिनच्या शोधाचा मान टोरंटो विद्यापीठातील फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना दिला जातो व तो योग्यच आहे. परंतु १९२१च्या उन्हाळ्यापासून कुत्र्यांवर गुण दाखवणारा त्यांचा अर्क माणसाला टोचण्याजोगा झाला तो जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या हाताने, आणि त्या कामाकडे अजूनही पुरेसे लक्ष जात नाही.

अर्क ज्या ग्रंथीतून काढायचा त्या स्वादुपिंडाच्या घडणीतच अडचण होती. इन्सुलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांना कामाला लावणारे द्रव्य, स्वतः एक प्रथिन आहे, आणि प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन याच ग्रंथीत तयार होत असल्यामुळे ती नुसती पाण्यात वाटली की पाचकरस इन्सुलिनचाच फडशा पाडतात. मद्यार्क या पाचकरसांना रोखून धरतो. तरीही ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांचा मद्यार्कात काढलेला अर्क टोचला तेव्हा रक्तातील साखर थोडीशीच उतरली, अर्कातील अशुद्धींमुळे टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले.

कॉलिपने ताजे स्वादुपिंड बारीक करून ९५ टक्के मद्यार्कात काही तास ठेवले, ते गाळले आणि गाळलेल्या द्रवात आणखी दुप्पट मद्यार्क घातला. त्यामुळे बहुतेक प्रथिनांचा साका खाली बसला, पण इन्सुलिन द्रवातच राहिले. हा द्रव निर्वात पात्रात, ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता, आटवायचा, इथरने त्यातील चरबी काढून टाकायची आणि लापशीइतका दाट झालेला अंश ८० टक्के मद्यार्कात कालवून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड-हलके वेगळे करणाऱ्या यंत्रात, ठेवायचा. यंत्र थांबले की नळीत चार थर दिसतात: तळाशी क्षारांचे स्फटिक, त्यावर क्षारांनी संपृक्त पाणी, त्यावर प्रथिनांचे पांढुरके पुंजके आणि सर्वांत वर नितळ मद्यार्क. सारे इन्सुलिन या नितळ थरातच असते, म्हणून खालचा पुंजका ढवळू न देता तेवढाच थर पिपेटने उचलावा लागतो, आणि ही सफाई कोणत्याही कृतीच्या कागदावर उतरत नाही. तो थर त्याच्या कितीतरी पट आकारमानाच्या, अधिक तीव्र मद्यार्कात ओतला की आतापर्यंत विरघळलेले इन्सुलिनही अखेर साक्याच्या रूपाने खाली उतरते. प्रत्येक घाण्याची ताकद सशांवर पारखली जाई. मात्रा जास्त झाली की सशाची साखर घसरून त्याला झटके येत, आणि ग्लुकोज दिल्यावर तो काही मिनिटांत सावरे.

२३ जानेवारीपासून त्याच मुलाला हा अर्क दिला गेला. त्याच्या रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला ५२० मिलिग्रॅमवरून एका दिवसात १२० वर आली आणि पुढील दिवसांत लघवीतील कीटोन, म्हणजे चरबी अर्धवट जळाल्याने साचणारी घातक द्रव्ये, नाहीशी झाली.

यानंतर मोठ्या पात्रांत काम सुरू झाले, आणि प्रमाण वाढवताच इन्सुलिन हातचे निसटले. पद्धत ज्याने बसवली त्या कॉलिपलाही ते काही आठवडे काढता येईना, त्यामुळे १९२२च्या वसंतात रुग्णांना द्यायला अर्कच उरला नाही. आटवण्याची पायरी पुन्हा मुळापासून तपासून बसवावी लागली, तेव्हा कुठे सशांना पुन्हा झटके येऊ लागले.