गजर आणि झोप यांच्यातली शर्यत

पहाटे पाचचा गजर लावून आपण निर्धास्त झोपतो. फोनही झोपतो. स्क्रीन मालवल्यावर, हातात काही काम नसेल तर प्रोसेसर थांबतो आणि रॅम साठवलेली माहिती टिकवण्यापुरतीच वीज घेते. जागे राहते ते ‘रिअल टाइम क्लॉक’ नावाचे छोटेसे घड्याळ. क्वार्ट्‌झ स्फटिकाची सेकंदाला ३२,७६८ कंपने मोजून ते वेळ राखते आणि ठरल्या वेळी प्रोसेसरला उठवणारा इशारा देते.

गोम अशी की फोन एका क्षणात झोपत नाही. आधी चालू प्रोग्राम गोठवले जातात, मग एकेक उपकरण बंद होते, सर्वांत शेवटी प्रोसेसर. ही आवराआवर चालू असतानाच पाच वाजले तर? इशारा येतो, जागा असलेला प्रोसेसर तो घेतोही. पण गजर वाजवणारे ॲप तोवर गोठलेले असते. आवराआवर पुरी होते, फोन झोपी जातो. घड्याळाच्या लेखी काम झालेले असते, ते पुन्हा हाक मारत नाही. अशा वेळी गजर हुकतो. दोन घटनांपैकी आधी कोणती घडते यावर निकाल फिरतो, म्हणून या दोषाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. एरवी सगळे सुरळीत चालते, त्यामुळे तो चाचणीत सहसा सापडत नाही.

अँड्रॉइडने ‘वेकलॉक’ आणला: काम संपेपर्यंत झोपायला मनाई. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्ये २०१० साली राफाएल विसोत्स्की यांनी आणखी एक नेमका उपाय दिला. जागे करणाऱ्या प्रत्येक घटनेगणिक कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, एक आकडा वाढवतो. झोपण्याआधी प्रोग्राम तो वाचतो, समजा ४१. काही काम उरले नाही ना, हे पाहून तो ४१ हाच आकडा कर्नलला परत देतो. दरम्यान आकडा ४२ झाला असेल, तर कर्नल तो नाकारतो. आकडा जुळला, पण आवराआवरीत नवी घटना घडली, तरी झोप रद्द होते.

२०११ मध्ये जॉन स्टल्ट्‌झ यांच्या ‘अलार्म टायमर’ची भर पडली. गजराला दोन सेकंदांहून कमी वेळ उरला असेल, तर तो यंत्रणेला झोपूच देत नाही.

बॅटरीवर चालणारे उपकरण बनवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे सूत्र गाठीशी बांधावे: निर्णय आणि कृती यांच्यात क्षणाचेही अंतर असेल, तर कृतीआधी परिस्थिती तीच आहे ना, हे तपासा. नशिबावर भिस्त ठेवून गजर वाजत नाहीत.