कौल घेतला, मानला कोणी?

कोकण-गोमंतकात एखादे मोठे कार्य हाती घेण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावण्याचा प्रघात जुना आहे. देवाच्या अंगाला पाण्याने चिकटविलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडते की डावी, याकडे सारे मानकरी श्वास रोखून पाहत असतात. या प्रथेवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, तिच्यामागील तीन दंडक मोठे व्यवहारी आहेत. गाऱ्हाणे साऱ्या गावाच्या वतीने घातलेले असावे. त्याचे शब्द नेमके असावेत. आणि एकदा कौल मिळाला की तो मानावा. अमेरिकेत लोकमत चाचणी नावाचा जो प्रचंड व्यवसाय गेली नव्वद वर्षे भरभराटीने चालला आहे, त्याची पारख याच तीन दंडकांवर करावी असे आम्हांला वाटते. पहिल्या दोन दंडकांसाठी त्या देशाने अपार बुद्धी आणि पैसा वेचला. तिसऱ्याची मात्र तेथे आजही उपेक्षा होत आहे, आणि अमेरिकी लोकशाहीचे खरे दुखणे तेथेच आहे.

पहिला दंडक, विचारायचे कोणाला, हा. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या त्या काळच्या बड्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठविल्या. त्यांपैकी तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. एवढ्या मोठ्या ढिगाच्या जोरावर साप्ताहिकाने जाहीर केले की, रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन ५७ टक्के मते घेऊन विजयी होणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांच्या पदरात आली. चूक उघड होती. पत्ते घेतले होते ते प्रामुख्याने टेलिफोनधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांवरून. महामंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या घरी ना टेलिफोन ना मोटार, तो रूझवेल्टचा मतदार होता, आणि नेमके त्यालाच कोणी विचारले नव्हते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फार थोड्या, परंतु समाजाच्या निरनिराळ्या थरांतून वेचलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय अचूक वर्तविला. पुढे दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले आणि गॅलप यांचे नाव घरोघरी झाले. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण भांड्याच्या तळापासून वरपर्यंतची शिते हाताला लागली तरच.

तथापि गॅलप यांनाही गर्वाचे घर खाली झाल्याचा अनुभव आला. १९४८ साली त्यांनी व इतरांनी थॉमस ड्यूई यांना विजयी ठरवून मतदानाच्या कितीतरी दिवस आधीच विचारणा थांबविली. निवडून आले हॅरी ट्रुमन. ‘ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरविले’ अशा ठळक मथळ्याचा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा अंक हातात उंच धरून हसणारे ट्रुमन यांचे छायाचित्र आजही पत्रकारांना नम्रतेचा धडा देते. २०१६ साली तीच गोष्ट वेगळ्या रूपाने घडली. देशव्यापी चाचण्या हिलरी क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी दाखवीत होत्या. त्यांना प्रत्यक्षात दोन टक्क्यांची, म्हणजे अठ्ठावीस लाखांहून अधिक मतांची आघाडी मिळालीही. परंतु तेथे अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचकांच्या मतांनी. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. तेथील अनेक चाचण्यांत पदवीधरांचा भरणा प्रमाणाबाहेर झाला होता आणि कॉलेजची पायरी न चढलेला कामकरी पुन्हा एकदा मोजदादीतून निसटला होता. १९३६ साली टेलिफोन नव्हता म्हणून जो सुटला, तो २०१६ साली टेलिफोन असूनही सुटला! आज तर टेलिफोन वाजला तरी कोणी उचलीत नाही. प्यू या नामवंत संशोधन संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांना १९९७ साली शंभरातील ३६ जण प्रतिसाद देत. २०१८ साली ते प्रमाण सहावर आले. ज्याचा व्यवस्थेवर विश्वास नाही, तो विचारणाऱ्यालाही दार उघडत नाही. म्हणून अविश्वास जेवढा वाढतो, तेवढा तो चाचणीत कमी दिसतो.

दुसरा दंडक शब्दांचा. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केलेला एक प्रयोग मोठा बोलका आहे. ‘गरिबांच्या साहाय्यावर सरकार पुरेसा खर्च करते काय?’ असे विचारले की बहुसंख्य अमेरिकन ‘फार कमी करते’ असे म्हणतात. ‘साहाय्य’ हा शब्द काढून तेथे ‘वेल्फेअर’ हा शब्द घातला की तसे म्हणणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली येते. योजना त्याच, गरीबही तेच. पण ‘वेल्फेअर’ या शब्दाला तेथे आयतेखाऊपणाचा वास चिकटला आहे. याहून गमतीचा प्रयोग सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याचे नाव सांगून त्यांनी लोकांना मत विचारले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्यावर ठामपणे अनुकूल वा प्रतिकूल मत दिले. माणसाला अज्ञान कबूल करण्यापेक्षा मत देणे सोपे वाटते, हा दोष काही एकट्या अमेरिकनांचा नव्हे.

एवढे सगळे दोष मान्य करूनही या चाचण्यांना हसून मोकळे होणे आम्हांला रास्त वाटत नाही. निवडणुकीचे भाकीत हा त्यांचा सर्वांत गाजणारा, पण सर्वांत कमी मोलाचा उपयोग आहे. एकच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षे विचारीत गेल्याने समाजाच्या मनाचा जो आलेख तयार होतो, ती खरी कमाई. स्थलांतरितांचा प्रश्न घ्या. २०२४ साली गॅलप संस्थेला ५५ टक्के अमेरिकनांनी सांगितले की, परदेशातून येणाऱ्यांची संख्या कमी झाली पाहिजे. त्याच लाटेवर ट्रम्प पुन्हा सत्तेवर आले, आणि धरपकड व हद्दपारी यांचे सत्र सुरू झाले. २०२५ च्या मध्यास पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा कपात हवी म्हणणारे ३० टक्क्यांवर आले होते, आणि स्थलांतर देशाच्या हिताचे आहे असे ७९ टक्के लोक म्हणत होते. सरकार एका टोकाला गेले की लोकमताचा लंबक दुसरीकडे झुकतो. निवडून आलेला प्रत्येक पक्ष आपल्याला कायमचा परवाना मिळाला असे समजतो, आणि मतदाराने मात्र केवळ ‘जरा आवरा’ एवढेच सांगितलेले असते.

या आलेखात एक काळजीची रेषाही आहे. १९५० च्या दशकात अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारभाराला विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळजवळ निम्म्या अनुयायांची पसंती असे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत विरोधकांतील पसंतीचे हेच प्रमाण सरासरीने दहा टक्क्यांच्याही खाली होते. बाजारातील भावासारखी रोकडी गोष्टही आता पक्षाच्या चष्म्यातून पाहिली जाते. अध्यक्ष बदलला की महिन्या-दोन महिन्यांत एका पक्षाच्या लोकांना अर्थव्यवस्था सुधारल्याचा आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांना ती बिघडल्याचा साक्षात्कार होतो. दुकानातील पावाची किंमत तेवढ्या अवधीत फारशी बदललेलीही नसते. अशा वेळी प्रश्न अर्थव्यवस्थेचा विचारला तरी उत्तर येते ते ‘आमचा कोण’ याचे.

आता तिसरा दंडक, कौल मानण्याचा. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक येथील प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने वीस चिमुकली मुले आणि सहा प्रौढ यांची हत्या केली. बंदूक विकत घेणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासावी काय, असे त्यानंतर विचारले असता चाचणीमागून चाचणीत सुमारे नव्वद टक्के लोकांनी होकार दिला. बंदूक बाळगणारेही त्यांत मोठ्या संख्येने होते. इतके एकमत त्या देशात क्वचितच आढळते. एप्रिल २०१३ मध्ये ही तपासणी व्यापक करणारी तरतूद सेनेटपुढे आली. बाजूने ५४ मते पडली, विरोधात ४६, आणि तरतूद नापास झाली! कारण तेथे चर्चा अडवून धरणाऱ्यांवर मात करायला शंभरातील साठ मते लागतात. शिवाय प्रत्येक राज्याला दोनच सदस्य. जेमतेम सहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन आणि चार कोटींच्या घरातील कॅलिफोर्नियालाही दोनच. २०२२ साली टेक्सासमधील युव्हाल्डी येथे शाळेत पुन्हा तसेच हत्याकांड घडले, तेव्हा कुठे एक मर्यादित कायदा झाला. नव्वद टक्क्यांनी मागितलेली सार्वत्रिक तपासणी त्यातही आली नाही.

याचा दोष सर्वस्वी संविधानाच्या रचनेवर टाकता येणार नाही. चाचणी मते मोजते, मतांची तीव्रता तोलत नाही. नव्वद जण होकार देतात आणि आपल्या कामाला लागतात. उरलेले दहा जण त्या एकाच प्रश्नावर मत देतात, पैसा देतात, आपल्या प्रतिनिधीला पत्रांनी आणि टेलिफोनने हैराण करतात. निवडून यायचे असलेला राजकारणी साहजिकच त्या दहांना भितो. नुसते मत असणे वेगळे, आणि त्या मतासाठी उभे राहणे वेगळे.

गर्भपाताच्या प्रश्नावर लोक असे उभे राहिले, तेव्हा काय होते तेही दिसले. १९७३ पासून मिळालेला घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतला. त्या वेळी दर दहांपैकी सुमारे सहा अमेरिकन गर्भपात सर्व वा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा या मताचे होते. पुढच्याच ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये, १९६४ नंतर अध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल न दिलेल्या त्या राज्यात, हा हक्क राज्यघटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळून लावला. परंतु फ्लोरिडामध्ये २०२४ साली हक्काच्या बाजूने ५७ टक्के मते पडूनही साठ टक्क्यांची अट असल्यामुळे ती वाया गेली. त्याच दिवशी मिझुरीने हा हक्क मंजूर केला, आणि त्याच मतपेटीतून ट्रम्प यांनाही भरघोस मते दिली. मतदार पक्षांनी आखलेल्या चौकटीत बसत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

विचारले जाते, पण ऐकले जात नाही, या अनुभवाचा परिणाम काय होतो? १९६४ साली वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील, असे मानणारे अमेरिकन ७७ टक्के होते. व्हिएतनाम, वॉटरगेट, इराक आणि आर्थिक मंदी यांतून जाता जाता २०२४ साली ते २२ टक्के उरले. नव्वद वर्षांत काढलेल्या लक्षावधी आकड्यांत आम्हांला सर्वांत भयसूचक वाटतो तो हाच.

मग राज्यकर्त्यांनी चाचणीच्या आकड्यापुढे नेहमीच मान तुकवावी काय? तसे आम्ही म्हणणार नाही. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी ६३ टक्के अमेरिकनांचे मत प्रतिकूल होते. २०११ साली ९४ टक्क्यांचे मत त्यांना अनुकूल होते. किंग यांनी आकडे पाहून पाऊल उचलले असते, तर समान नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झालाच नसता. येथे आम्हांला १८ जून १९४६ चे मडगाव आठवते. सभाबंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया तेथे उभे राहिले, त्याच्या आदल्या दिवशी कोणी घरोघर फिरून मते टिपली असती, तर सालाझारशाहीच्या भीतीने किती घरांतून खरे उत्तर मिळाले असते? आजचे लोकमत काय आहे ते चाचणी सांगते. उद्याचे लोकमत घडवावे लागते, आणि ते घडविणाऱ्याला आधी अल्पमतात उभे राहण्याची छाती लागते.

हे सारे परक्या देशाचे म्हणून दूर ठेवण्याजोगे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्याकडील मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर, काहींनी तर चारशेपर्यंत जागा देऊ केल्या. मतपेट्यांतून निघाल्या २९३. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दोन दिवस चाललेला तो गदारोळ मतमोजणीच्या सकाळी विरून गेला. आपल्याकडे चाचणी म्हणजे अजून जागांचा सट्टाच. पाण्याविषयी, शेतीविषयी, खाणींविषयी, शाळांविषयी लोकांना काय वाटते, हे एकच प्रश्न दहा-वीस वर्षे सातत्याने विचारून नोंदविण्याची शिस्त आपण अंगी बाणविलेली नाही. अमेरिकेकडून घ्यायचीच तर ती शिस्त घ्यावी.

गोमंतकीयांना तर ‘ओपिनियन पोल’ या शब्दांचा अर्थ कोणी सांगायला नको. १६ जानेवारी १९६७ रोजी येथे याच नावाने जो कौल झाला, त्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. तो कौल अनेकांना रुचला, आणि या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. पण तो सर्वांनी मानला. अमेरिकेतील चाचणी आणि आपला तो कौल यांत साम्य फक्त नावाचे आहे. तेथे लोकांना दररोज विचारतात, आणि त्या विचारण्याला बांधील कोणीच नसतो. आपल्याला एकदाच विचारले, आणि त्या एका उत्तरावर या भूमीचे पुढचे सारे भवितव्य उभे राहिले. देवळात गाऱ्हाणे घालणारा माणूस मनाविरुद्ध पाकळी पडली तरी हात जोडूनच पायऱ्या उतरतो. तेवढी तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याने लोकांपुढे प्रश्न घेऊन जाऊ नये.