आधी गाडीखाली शिरा

जुनी पिकअप घेऊन माझ्या गॅरेजला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो. "इंजिन एक नंबर आहे मिस्त्री, थोडं पत्र्याचं काम आहे बघा." मग तो बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो आणि इंजिन लागलं की माझ्या तोंडाकडं बघतो. मला मात्र तेव्हा इंजिन ऐकायचंच नसतं. मी पोतं अंथरतो, बॅटरी घेतो आणि गाडीखाली शिरतो.

यामागं साधा हिशेब आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन ही अडचणीची गोष्टच नाही. इथं लायनर बसवून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो, हेड फेस करून मिळतं, पंप-नोझलवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा. टाटा मोबाइल 206 चंच घ्या. ही पिकअप 1988 साली आली. तिचं 1948 सीसीचं डिझेल इंजिन पुढं सिएरात आलं, सुमोत आलं. सुमो गावोगाव पोचल्या, त्यामुळं त्या इंजिनाचा सुटा भाग शोधायला आजही फार वणवण करावी लागत नाही. महिंद्राच्या जुन्या जीपवरच्या पिकअपचंही तेच. जे बाजारात मिळतं त्याची काळजी शेवटी करावी. जे कुठल्याच दुकानात मिळत नाही ते आधी बघावं. आणि न मिळणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: शाबूत चॅसी आणि स्वच्छ कागद. लोक नेमकं उलट्या क्रमानं जातात. आधी इंजिन उतरवतात, मग रंग देतात आणि पैसे संपल्यावर चॅसीकडं बघतात. म्हणून हा लेख.

पिकअप म्हणजे शिडीसारख्या चौकटीवर ठेवलेली केबिन आणि हौदा. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे मेंबर. सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर. केबिनचा पत्रा कुजला तर कापून नवा लावता येतो. फाळके तर शेजारचा फॅब्रिकेटर नवे करून देतो. पण पट्टी आतून कुजली असेल, तर वरचं सगळं काम म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणं.

चॅसी कुठं कुजली असेल हे गाडीनं आयुष्यभर काय वाहिलं त्यावर ठरतं. म्हणून मी मालकाला पहिला प्रश्न मॉडेलचा विचारत नाही, मालाचा विचारतो. कोकणातून घाट चढून मासळी आणणारी गाडी सगळ्यात वाईट. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून खाली टपकत राहतं आणि मागचा निम्मा भाग खाऊन टाकतं. त्याखालोखाल रासायनिक खत आणि शेणखत वाहणारी. युरिया-पोटॅशची फुटलेली पोती हौद्याच्या कोपऱ्यात सांडतात, त्यावर पावसाचं पाणी पडतं आणि पुढच्या हंगामापर्यंत तो ओला थर तिथंच बसून असतो. गुळाच्या ढेपा किंवा भाजीपाला वाहिलेली गाडी त्या मानानं नशीबवान. विटा-वाळू वाहिलेली गाडी गंजापेक्षा वाकण्यानं मेलेली असते, कारण तिच्यावर भार कधी मापात पडलेला नसतो.

खाली गेल्यावर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागचे कमानपाटे जिथं चॅसीला टांगलेले असतात ते हँगर. मागच्या एक्सलवर चॅसी जिथं उचललेली असते ते वळण. आडवे मेंबर रिवेटनं जोडलेले असतात ते सांधे. केबिन ज्या रबरी बुशांवर बसते त्यांच्या खालचे ब्रॅकेट. या जागांवर चिखल धरतो आणि चिखल ओल धरून ठेवतो. आधी तो खरवडून काढा. मग छोट्या हातोडीनं पट्टी पुढून मागं वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं, आणि हा फरक कुणालाही ऐकू येतो, त्याला मिस्त्री असावं लागत नाही. भद्द वाजलं तिथं जुना स्क्रूड्रायव्हर जोरानं टोचा. पापुद्रे निघाले तर वरवरचा गंज. आरपार गेला तर तिथं लोखंड नाही, फक्त लोखंडाचा रंग आहे. नुकताच काळा रंग मारलेली चॅसी दिसली तर दुप्पट टोचा. विकणारा गाडीच्या पोटाला रंग कौतुकानं लावत नाही.

वाकलेली चॅसी डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी गवंड्याचा ओळंबा वापरा. गाडी सपाट कोब्यावर उभी करा. पुढच्या आणि मागच्या कमानपाट्यांच्या बोल्टवरून, दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडा, खाली खडूनं खूण करा आणि गाडी ढकलून बाजूला काढा. जमिनीवर चार खुणा राहतात. समोरासमोरच्या खुणा तिरक्या, फुलीसारख्या मोजा. दोन्ही तिरकी मापं जुळली तर चौकट सरळ आहे. बोटभर फरक आला तर गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे, मालक काहीही सांगो.

एखाद-दुसऱ्या जागी भोक असेल तर चॅसी वाचते. कुजका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीची प्लेट घालायची, जोड सरळ आडवा न घेता तिरका घ्यायचा, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची टोकं काढायची. पण दोन्ही बाजूंचे हँगर आणि एक्सलवरचं वळण, सगळीकडं स्क्रूड्रायव्हर आत जात असेल, तर मी काम घेत नाही. भरलेली गाडी घाटात वळणावर असताना ती जागा सुटली तर काय होतं, याचा विचार मला रात्री करायचा नाही. मालवणकडची अशी एक गाडी माझ्याकडं आली होती, मासळीवर आयुष्य काढलेली. इंजिन नुकतंच बांधलेलं, आवाज घड्याळासारखा नियमित. मी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून विकायला सांगितलं. मालक रागावून गेला. तो राग मी समजू शकतो, त्यानं सगळे पैसे वरच घातले होते.

आता कागद. गगनबावड्याकडचा एक मुलगा आईला घेऊन आला. वडिलांची 1991 ची टाटा मोबाइल, ते गेल्यापासून गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी. त्या भागात पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त, त्यामुळं मी मनातून आशा सोडूनच खाली शिरलो. पण छप्पर चांगलं होतं, चाकांखाली फरश्या होत्या. गाडीनं आयुष्यभर दुधाचे कॅन आणि वैरण वाहिली होती. एका बाजूचा केबिन ब्रॅकेट आणि मागचा एक आडवा मेंबर सोडला तर चॅसी वाजत होती. मी बाहेर येऊन म्हणालो, "गाडी होईल बाळ. आता पुस्तक दाखव." त्याचा चेहरा पडला.

आरसी वडिलांच्या नावावर. मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत वारसाच्या नावानं अर्ज करायचा, असा नियम आहे. घरात दुःख असतं तेव्हा हे कुणाला सुचत नाही, मला त्याचं नवल वाटत नाही. उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण वारसाचे कागद लागतात, भावंडांची संमती लागते, थकलेला कर आणि दंड भरावा लागतो. शिवाय त्या काळातलं पुस्तक हातानं लिहिलेलं. ती नोंद संगणकावर चढलेली नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बोजा उतरलाय का ते बघा. कर्ज फिटलं तरी पुस्तकावरचा बोजा आपोआप उतरत नाही, आणि ज्या संस्थेनं कर्ज दिलं ती आज अस्तित्वात नसेल तर ते पत्र मिळवणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड जातं.

सगळ्यात महत्त्वाचं, चॅसीवर ठोकलेला नंबर. वायर ब्रशनं नव्हे, कापडानं आणि डिझेलनं पुसून तो पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबरच गंजात गेला असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, तोवर एक रुपया खर्च करू नका. जुन्या बाजारातली चॅसी आणून तिच्यावर आपला नंबर ठोकून देणारे लोक आहेत. तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. इंजिन वेगळ्या जातीचं टाकायचं असेल तरी मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची आठवण ठेवा. कारखान्यानं दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही, परवानगी लागते.

माल वाहणारी गाडी म्हणून नोंदलेल्या पिकअपला 8 वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं. जुन्या गाड्यांची पासिंगची आणि फेरनोंदणीची फी अलीकडं वयाप्रमाणं बरीच वाढली आहे, वर पर्यावरण कर. आजचा दर आरटीओतूनच घ्या, एजंटच्या तोंडून नको. काही लोक म्हणतात, व्हिंटेज म्हणून नोंदवू. तो नियम 2021 साली आला. गाडी 50 वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण तो धंद्याच्या गाडीला नाही आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला तिच्यातून भाजी न्यायची आहे त्याच्या तो कामाचा नाही.

इथं मी त्या मुलाला विचारलं, "ही गाडी तुला कशाला हवी?" तो म्हणाला, दुधाच्या लाईनवर लावीन. आई मध्येच म्हणाली, "ह्यांच्या हातची आहे. मोडायला नको वाटतं." ही दोन उत्तरं वेगळी आहेत, आणि बहुतेक घरांत ती एकमेकांत मिसळलेली असतात. तीसेक वर्षांची गाडी पहाटे रोज, ऐन पावसात, न चुकता निघाली पाहिजे ही अपेक्षा तिच्यावर अन्याय आहे आणि दूध घालणाऱ्यांवरही. धंद्यासाठी हिशेब सरळ आहे. दुरुस्तीचा अंदाज लिहून काढा, त्यात एक तृतीयांश आणखी मिळवा, कारण उघडल्यावर काही ना काही निघतंच. तेवढ्यात दहा वर्षांची चालू पिकअप येत असेल तर ती घ्या. आठवण म्हणून ठेवायची असेल तर हा हिशेब लावूच नका. मग प्रश्न एवढाच, की घरातला कोणता खर्च न अडवता हे पैसे निघतात का. आठवणीसाठी पैसे घालणं मला कधीच वेडेपणाचं वाटलं नाही. कर्ज काढून घालणं मात्र वाटतं.

पैसे कुठं आधी घालायचे, यावर मी कुणाचं ऐकत नाही. चॅसी, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग टायर. उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि व्हील सिलिंडर, पाइप आतून गंजतात. त्यामुळं ते धुऊन चालत नाही, नवेच टाकायचे. टायरची नक्षी कितीही खोल दिसो, त्यावरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग वायरिंग, कारण गोठ्यातल्या गाडीत उंदीर असतातच. रंग सगळ्यात शेवटी, तोही पत्रा उघडा करून. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानींना फिरवा. ते जिथं धरत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे.

इंजिनाचं थोडक्यात. बरीच वर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, ऑइल बदला, क्रँक आधी हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर सिलिंडरमध्ये ऑइल सोडून काही दिवस थांबा, जोर लावू नका. लागल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर हेड गॅस्केटकडं बघा. ऑइलचं झाकण काढल्यावर आतून जोराचा फुत्कार येत असेल तर रिंगा गेल्या. यातलं काहीही निघालं तरी घाबरायचं कारण नाही, हे सगळं होतं.

गगनबावड्याची गाडी आम्ही केली. दुधाच्या लाईनवर तो दुसरी चालू गाडी लावतो. ही शेतावर आणि सणासुदीला निघते, आणि पासिंग वेळेवर होतं.

तुमची गाडी या तपासणीत बसत नसेल तर तिला रस्त्याकडेला सडत ठेवू नका. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात द्या. तिथं मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या करात केंद्राच्या नियमानुसार 15 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गल्लीतल्या भंगारवाल्याला नुसती वजनावर देऊ नका. पुस्तक तुमच्या नावावर राहिलं आणि त्या नंबरावर दुसरीच गाडी फिरली, तर पोलीस तुमच्याच दारात येतील. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय गाडीची चावी सोडू नका.